घेताना चार, सोडताना सहा

सातवा महिना लागला तेव्हा माझ्यापुढे तीन पद्धती होत्या आणि तिन्हींवर मी कावलेली होते. बाळंतपणाच्या तयारीचे क्लास असतात हे ऐकूनच आमच्या मजल्यावरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. "अगं, ते येतंच बाहेर, त्याला कसला क्लास?" येतंच बाहेर, हे मलाही ठाऊक होतं. ते येत असताना माझं काय होतं, एवढाच माझा प्रश्न होता.

या प्रश्नाचं कारण माझी ताई. पाच वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली, नॉर्मल, सगळं सुखरूप. आमची आई त्याआधीच गेलेली, म्हणून हॉस्पिटलात मी होते, पण लेबर रूमच्या दाराबाहेर. आत ताई एकटी. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कळा विसरले गं मी. ते ओरडणं नाही विसरत." आत एक मावशी होती. हॉस्पिटलातल्या आयांना मावशीच म्हणतात. ताई किंचाळली की ती मावशी म्हणायची, "तेव्हा गोड लागलं ना, मग आता कशाला बोंबलतेस?" आणि ताईने पाय आवळून घेतले तेव्हा तिने मांडीवर सणसणीत फटका दिला. माझी ताई बँकेत अधिकारी आहे, तिच्या टेबलापुढे लोक हळू आवाजात बोलतात. दुसरं मूल तिने होऊ दिलं नाही. का, ते कोणी विचारलं की ती चहा ठेवायला उठते.

मी परळच्या एका ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसते. दिवसभर हेडफोन लावून अख्ख्या महाराष्ट्राच्या शिव्या ऐकते आणि "आपली गैरसोय झाली, क्षमस्व" म्हणते. मला आरडाओरड्याची भीती वाटते असं म्हटलं तर ऑफिसातले हसतील. पण तिथे माझ्या अंगावर कपडे असतात आणि मधे फोन असतो. मला नॉर्मल डिलिव्हरी हवी होती, उगाच कापाकापी नको होती, आणि त्या वेळी माझ्यावर कोणी ओरडलेलं मला नको होतं. दोन्ही एकत्र मिळेल अशी पद्धत मी शोधत होते.

पहिली गिरगावातली, माझ्या माहेरच्या गल्लीतली. गर्भसंस्कार. एका काकूंच्या दिवाणखान्यात सतरंजीवर आम्ही सातजणी, समोर मंत्रांची रेकॉर्ड आणि वाटीत तूप. काकू म्हणाल्या, आईने रागावायचं नाही, बाळ ऐकतं. दोन दिवस मी राग गिळला आणि तिसऱ्या दिवशी टॅक्सीवाल्यांवरचा, ऑफिसातला गिळलेला सगळा राग एकदम नवऱ्यावर निघाला. दुसरी पद्धत मोबाइलमधली. डोळे मिटून पडायचं आणि एक बाई मधाळ आवाजात सांगणार की कळेला कळ म्हणायचं नाही, लाट म्हणायचं. मी पावसाळ्यात वरळीला धक्क्यावर लाटा बघितल्या आहेत, गाड्या उलटवतात त्या. मला धीर येण्याऐवजी घामच फुटला.

तिसरी दादरची. एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा शनिवारचा क्लास. नवरा-बायकोने मिळून यायचं. कळ आली की नाकाने श्वास घेताना चार आकडे, तोंडाने सोडताना सहा, आणि ते आकडे बाळंतिणीने मोजायचे नाहीत, शेजारच्याने मोजायचे. बाई म्हणाल्या, "त्या वेळी तिला स्वतःचं नावही आठवत नाही, आकडे कुठून आठवणार? तिच्या कानाशी एक ओळखीचा आवाज लागतो." ओळखीचा आवाज, हे ऐकलं आणि मी तिथल्या तिथे नाव नोंदवलं.

नवरा म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. अगं, घरात आई आहे ना."

कळसा होता खराच. माझ्या सासूबाई एका प्रसूतिगृहात अठ्ठावीस वर्षं आया होत्या. गिरणी बंद पडल्यावर सासरे घरी बसले, तेव्हा यांनी हे काम धरलं आणि त्यावर घर चालवलं. निवृत्त झाल्यावरही लालबागमधल्या निम्म्या पोटुशा बायका त्यांना पोट दाखवायला यायच्या. मीही विचारलं असतं. पण पाचव्या महिन्यात आम्ही दोघी मसाला गल्लीत मिरच्या घ्यायला गेलो होतो, तिथे एक बाई धावत आली आणि रस्त्यातच सासूबाईंच्या पाया पडली. बरोबर तिची वयात आलेली मुलगी. "याच गं त्या मावशी," ती मुलीला म्हणाली. "तुझ्या वेळी यांनी मला असा फटका मारला होता मांडीवर, पाच बोटं उठली होती." आणि हसली. सासूबाईही हसल्या. मिरचीवालाही हसला.

मी हसले नाही. घरी येताना विचारलं, "आई, तुम्ही मारायचात?"

"मारायचे," त्या म्हणाल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पाळीला आम्ही दोघी आणि बायका खाटेवर, खाटेखाली, पॅसेजमध्ये. एकेकीला लाडीगोडी लावत बसले असते तर पोरं गुदमरली असती."

"माझ्या ताईला असंच मारलं होतं."

त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. ताईला ती मावशी कोण होती ते माहीत नव्हतं, हॉस्पिटलही वेगळं होतं. पण मला आता तिचा चेहरा मिळाला होता आणि तो रोज सकाळी माझ्यासमोर भाकऱ्या थापत होता. त्या दिवसापासून बाळंतपण हा विषय मी त्यांच्यापुढे काढला नाही. कोणत्या कुशीवर झोपतेस, सूज आली का, त्यांनी काही विचारलं की मी "डॉक्टर सांगतील" म्हणायचे. चाळ पाडून बांधलेल्या इमारतीतला वन बीएचके तो, तिथे दोन बायकांनी न बोलायचं म्हणजे काय असतं ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

क्लास मात्र छान चालला होता. नवरा शाळेत पीटी शिकवतो, त्यामुळे पहिल्या शनिवारी त्याने आकडे असे काढले की शेजारचे दोन नवरे सावधानमध्ये उभे राहिले. बाई म्हणाल्या, "सर, कवायत नाही." पण शिकला हळूहळू. रोज संध्याकाळी मी गादीवर कुशीवर पडायचे आणि तो मागे बसून कानाशी मोजायचा. आठव्या महिन्यात अशी गत झाली होती की त्याने नुसतं "एक" म्हटलं तरी माझे खांदे सैल पडायचे. माझी भीती गेली नव्हती, पण निदान कुठेतरी बसली होती.

आणि मग आली पंचाईत. आठवा संपताना परळच्या हॉस्पिटलात तपासणीला गेलो, तेव्हा नवऱ्याने सिस्टरला सहज विचारलं की आत येताना त्याला वेगळे कपडे मिळतील का. सिस्टरने मान वर केली. "आत? लेबर रूममध्ये पुरुष नाही चालत. एकच हॉल आहे, पडद्यांमागे बाकीच्या बायका असतात. एक बाई नातेवाईक सोडतो आम्ही."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. दोन महिने रोज मोजतोय, आणि हे विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याला वाटलं मी विचारलं असेल, मला वाटलं ते क्लासवाल्या बाईंनी गृहीत धरलंय म्हणजे असतंच. हॉस्पिटल बदलावं तर माझ्या डॉक्टरबाई इथल्याच. त्या उगाच कापत नाहीत म्हणून तर मी त्यांच्याकडे गेले होते. नवऱ्याला आत सोडणारी चकचकीत हॉस्पिटलं आहेत, पण तिथे जाऊन आलेल्या माझ्या तीन मैत्रिणींपैकी तिघींचं सिझर. टॅक्सीत मी रडले. नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सॉरी यार." मी त्याला नको नको ते बोलले.

घरी येऊन ताईला फोन लावला. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मी तुझ्यासाठी काहीही करीन. डबा आणीन, बाळाची दुपटी धुवीन. पण त्या खोलीत पाय ठेवायला सांगू नकोस." मी म्हटलं, ही खोली वेगळी आहे. ती म्हणाली, "वास तोच असतो." मी फोन ठेवला.

"मग आई येईल की," नवरा म्हणाला.

"मी एकटी जाईन."

"वेडी आहेस का? अठ्ठावीस वर्षं..."

"त्याचीच भीती वाटते मला," मी म्हणाले. आवाज चढलाच माझा. "त्यांनी तिथे माझ्यावर आवाज चढवला ना, तर मी उभ्या जन्मात त्यांच्या हातचं पाणी पिणार नाही. आणि बाळालाही देणार नाही त्यांच्याकडे."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. वन बीएचकेमध्ये कोणतीही गोष्ट दोघांत राहत नाही. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. मला वाटलं, आता महाभारत. पण त्या नवऱ्याकडे न बघता माझ्याजवळ पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला शिकव ते मोजायचं."

मी नवऱ्याकडे बघितलं.

"आणि आत मी ओरडले तर सिस्टरला सांग, हिला बाहेर काढा. मी निमूट जाईन. शब्द आहे माझा."

शिकवायला बसले खरी, पण ते काही सोपं नव्हतं. आमच्या दुपारी त्यातच जायला लागल्या. त्या चारपर्यंत नीट मोजायच्या आणि पाचाला त्यांची जीभ जुन्या वळणावर जायची. "हां, आता खाली जोर, तोंड मिट, आवाज नको." मी उठून सरळ गॅलरीत जायचे. पाच मिनिटांनी मागून आवाज यायचा, "चुकलंच माझं. ये, परत." एकदा तर त्यांचा हात उचललेलाच मी बघितला, अगदी एवढासा, माझ्या गुडघ्याच्या दिशेने. त्यांनीही तो बघितला. तो हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला आणि तसंच मोजलं. त्या दिवसानंतर मोजताना त्या रोज तसाच हात दाबून बसायच्या आणि आवाज इतका खाली ठेवायच्या की पंखा चालू असला तर मला ऐकू यायचं नाही.

शेवटच्या शनिवारी नवऱ्याच्या शाळेत स्पर्धा होत्या, म्हणून त्या माझ्याबरोबर दादरला आल्या. नऊवारी नाही, पण ठेवणीतली साडी नेसून, चटईवर सगळ्या नवऱ्यांच्या रांगेत मांडी घालून बसल्या. क्लासवाल्या बाई खूश झाल्या. "वा, आजी. तुम्हाला काही अनुभव आहे का बाळंतपणाचा?"

मला वाटलं आता अठ्ठावीस वर्षं निघणार. सासूबाईंनी पदर सारखा केला. "नाही हो," त्या म्हणाल्या. "माझी पहिलीच वेळ."

मला खूप लाज वाटली. कोणाची ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी, दूध तापवताना. दहापर्यंत आम्ही हॉस्पिटलात. नवरा दारापर्यंत आला, तिथे सिस्टरने त्याच्या हातात माझ्या चपला आणि मंगळसूत्र दिलं आणि दार लोटलं. आत हिरव्या पडद्यांच्या रांगा होत्या. ताई म्हणाली होती तो वास होता. मी सासूबाईंचा हात धरला नाही, खाटेची कड धरली.

बाराएक वाजेपर्यंत मी हुशार विद्यार्थिनी होते. कळ यायची, सासूबाई कानाशी वाकायच्या, घेताना चार, सोडताना सहा. पुढच्या पडद्यामागे एक मुलगी होती, आवाजावरून विशीतली, तिच्याबरोबर कोणीच नव्हतं. ती हिंदीत आईला हाका मारत होती. तासाभराने तिथली मावशी पाय आपटत आली आणि मी गेली पाच वर्षं ज्या वाक्याला भीत होते ते वाक्य हिंदीत बोलली. त्या मुलीचा आवाज गपकन बंद झाला.

सासूबाई सहावर होत्या. सहा त्यांनी म्हटलंच नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, फटका आपल्यालाच बसल्यासारखा. मग त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

दोन वाजता सगळं बिघडलं. पाणी गेलं, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं, पण बाळ खाली सरकेना. डॉक्टरबाई पोटावर यंत्र लावून ठोके ऐकत होत्या. ते आधी घोड्यासारखे पळायचे, आता कळ आली की अडखळायचे. बाई शांतपणे म्हणाल्या, "अजून तीन-चार कळा बघू. नाही आलं तर ऑपरेशनला नेऊ." एका सिस्टरने तेवढ्यात सिझरचा फॉर्मही आणून ठेवला. मी तो बघितला आणि माझं डोकंच गेलं. श्वास कुठला, आकडे कुठले. मी कुठे आहे तेही कळेना. नुसती ओरडत होते आणि ओरडण्यात सगळा जोर वाया चालला होता. सासूबाईंचे ओठ हलताना दिसत होते. आवाज येत नव्हता. इतका खाली, इतका सांभाळून, शब्द दिला होता म्हणून. त्यांचा उजवा हात स्वतःच्याच काखेत दाबलेला होता.

मला वाटलं, मीच गळा दाबलाय या बाईचा.

"आई," मी म्हणाले, "ऐकू येत नाही. ओरडा."

त्यांनी मान हलवली. नाही.

"मोठ्याने मोजा. मी सांगतेय ना. ओरडा."

तो दाबलेला हात त्यांनी बाहेर काढला. मी त्याच्याकडे बघत होते, मांडी आपोआप आवळली माझी. त्या हाताने त्यांनी माझा पंजा धरला, बोटांत बोटं घालून, आणि अठ्ठावीस वर्षं पॅसेजच्या त्या टोकाला पोचवलेला आवाज लावला. "एक. दोन. तीन. चार. आता धर, हनुवटी छातीला, आणि सोडू नको गो बाय, मी हंयच आसंय. एक. दोन." मोठं काही बोलताना त्यांची मालवणी बाहेर येते. सगळा हॉल ऐकत होता. मावशी दारात येऊन थबकली. आणि एका कळेच्या सुमाराला मला जाणवलं की पडद्यापलीकडची ती मुलगीही त्याच आकड्यांवर श्वास घेतेय, सहाला आम्हा दोघींचा श्वास एकदम सुटतोय. सासूबाईंनाही ते कळलं. त्यांनी डावा हात पडद्याखालून पलीकडे सरकवला. तो तिने घट्ट धरला असणार, कारण सासूबाई पुढचा सगळा वेळ तशाच तिरक्या उभ्या होत्या, एक हात इकडे, एक तिकडे.

तिसऱ्या कळेला माझी मुलगी आली. फॉर्म कोराच राहिला. पलीकडे अर्ध्या तासाने आली ती पण मुलगीच.

संध्याकाळी वॉर्डात आणल्यावर सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर माझी लेक. दोन्ही मनगटांवर नखांचे ओरखडे. म्हणाल्या, "ओरडले मी. बाहेर काढायचं होतंस." मी म्हटलं, "मीच सांगितलं होतं." त्यांनी त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "इतक्या वर्षांत मी एकीचाही हात धरला नव्हता गो," त्या म्हणाल्या. "हात धरला की काम थांबतं, असं आम्हाला शिकवलेलं. आज थांबलं नाही ना?"

भेटीच्या वेळेला ताई आली. डबा घेऊन, वॉर्डच्या दाराशीच उभी, आत पाऊल टाकावं की नाही अशी. मी हात केला तरी ती हलेना. सासूबाईंनी बाळ माझ्याकडे दिलं, उठल्या आणि तिच्यापर्यंत गेल्या. मला खाटेवरून सगळं ऐकू येत होतं.

"तुझ्यावर ओरडली ती मी नव्हते," त्या म्हणाल्या. "पण त्या पाळीला मी असते तरी तेच बोलले असते. फटकाही मारला असता. म्हणून मीच माफी मागते, बाय. ती कुठे तुला भेटणार आता?"

डबा ताईच्या हातात तसाच. मग तिने तो खाली ठेवला आणि बँकेत बसणारी माझी ताई, सगळ्या वॉर्डदेखत, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडायला लागली. पाच वर्षांचं होतं ते. सिस्टर लगबगीने आली, म्हणाली, आवाज कमी करा, बाकीच्या पेशंट आहेत.

सासूबाई तिला म्हणाल्या, "ओरडू दे तिला."